चांगली बाजू

हसताना माझं तोंड उजवीकडे जातं. डावा कोपरा जागचा हलत नाही, आणि उजवा मात्र दोघांचं काम एकट्यावर पडल्यासारखा कानापर्यंत चढतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणी चोरून बघायला नको. मोहगावात आता कोणी बघतही नाही. माझ्या पहिलीच्या वर्गातली पोरं तर मॅडमचं चित्र काढायला सांगितलं की तोंड तिरपंच काढतात, आणि एखाद्यानं सरळ काढलं तर बाकीचे त्याला खोडायला लावतात.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. सकाळी चूळ भरायला गेले तर पाणी डावीकडून ओघळून गळ्यात. आरशात पाहिलं तर अर्धं तोंड झोपलेलंच. शेजारणी म्हणाल्या, वारं लागलं. सौंसरच्या डॉक्टरांनी सांगितलं की चेहऱ्याची नस सुजली आहे, गोळ्या घे, फुगे फुगव, शिट्टी मार. मी फुगे फुगवले. घरात इतके फुगे झाले की बाबा म्हणाले, जत्रेत दुकान लावू. हळूहळू डोळा मिटायला लागला, भुवई उठायला लागली, पण ओठाचा तो कोपरा काही परत आला नाही. त्या सगळ्या दिवसांत जेवले ती उजव्या बाजूनं, बोलले ती उजव्या बाजूनं, आणि रडून झाल्यावर पहिल्यांदा हसले तीही उजव्याच बाजूनं. तिचे माझ्यावर उपकार आहेत.

हर्षल मला बघायला आला तेव्हा मी मुद्दाम गंभीर बसले होते. माझ्या आईनं, शोभाबाईनं, सकाळपासून मंत्र जपल्यासारखं सांगितलं होतं, "जास्त हसू नको बाई, ओठ मिटून बस." हर्षलचं पांढुर्ण्याला बी-बियाण्यांचं दुकान आहे. त्यानं पोह्यांचा घास घेतला, त्यात मिरची लागली, आणि हा माणूस खोकत खोकत म्हणाला, "फवारनी लय कडक झाली." मला हसू आवरलं नाही. पूर्ण हसले, कानापर्यंत. आईनं डोळे मिटून घेतले. हर्षल मात्र बघतच राहिला आणि घरी जाऊन म्हणाला, हीच पोरगी. मला तो तेव्हाच आवडला. पुढं जे झालं ते समजून घ्यायचं तर हे लक्षात ठेवा. नावडत्या माणसासाठी कोणी इतका विचार करत नाही.

त्याच बैठकीत त्याच्या वडिलांची ओळख झाली. भगवंतराव. उजवी भुवई मधोमध तुटलेली, कपाळावरून नाकापर्यंत उतरलेला व्रण, नाक एका अंगाला कललेलं आणि उजवा डोळा अर्धा मिटलेला. कोणी विचारायची वाट न बघता त्यांनीच सांगितलं.

"जाम नदीतला गोटा हाय हा. झेंड्याच्या झाडापासून चार हात दूर होतो मी. रक्त डोळ्यात उतरलं, पन मांगं नाही सरलो."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला गोटमार होते. नदीच्या दोन्ही काठांवरून दोन गावं एकमेकांवर दगड फेकतात आणि पात्राच्या मधोमध रोवलेल्या झाडावरच्या झेंड्यासाठी माथी फुटतात. कोणाला हे वेड वाटेल, पण पांढुर्ण्यात तो व्रण म्हणजे मान आहे. भगवंतराव फोटो काढताना नेहमी तुटकी भुवईच पुढे करतात. दुकानात गल्ल्याच्या वर त्यांचा तसाच फोटो आहे, मोठा, फ्रेम केलेला.

कुंकवाचा कार्यक्रम होऊन स्थळ पक्कं झालं, तेव्हाच हर्षलकडची अंगठी माझ्या बोटात आली. दसऱ्याच्या आसपास साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं आणि पांढुर्ण्याला बस स्टँडसमोर, दुकानासमोर, रेल्वे फाटकाजवळ असे फ्लेक्स लावायचं ठरलं. आमच्याकडे फ्लेक्स लागला नाही तर लग्न गुपचूप उरकलं असं समजतात. त्यासाठी माझे फोटो मागवले. मी हसतानाचा पाठवला, कारण मिटलेल्या तोंडाची मी मीच वाटत नाही.

दोन दिवसांनी हर्षलची आई, छायाबाई, यांचा फोन आला. बिचाऱ्या गोडच बोलल्या.

"तृप्ती, पोरी, राग नको मानू. यायनं फोटो पाह्यला. म्हनते, लोकं फ्लेक्सकडे पाहून काय म्हनतीन? आपली पूनम नागपूरले सांगून राहिली, एक इंजेक्शन असते, पाच मिनिटात काम होते. तोंड एकदम सरळ. खर्च आपलाच."

"यायनं" म्हणजे भगवंतरावांनी. पूनम म्हणजे त्यांची नागपूरला दिलेली मुलगी.

आई फोनजवळच उभी होती. तिनं हात जोडले, मला नाही, भिंतीवरच्या देवाला. सात-आठ स्थळं नुसता फोटो बघून परत गेली होती, ती तिला तोंडपाठ होती. तिच्याकडे बघून मी म्हणाले, जाऊन विचारून येते. खोटं का बोलू, मलाही वाटलंच होतं. एकदा तरी दोन्हीकडून हसून बघावं असं मला वाटलं नसेल तर कोणाला वाटणार?

हर्षल गाडी घेऊन आला. सौंसर, सावनेर, नागपूर. रस्ताभर आम्ही गाणी ऐकली. क्लिनिकमध्ये गार हवा होती आणि भिंतीभर एकसारख्या हसणाऱ्या बायकांचे फोटो. डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या, साध्या, सरळ बोलणाऱ्या. त्यांनी मला हसायला लावलं, ओठांचा चंबू करायला लावलं, गाल फुगवायला लावले. मग पांढऱ्या पेन्सिलीनं गालावर दोन बारीक ठिपके दिले.

उजव्या गालावर.

"मॅडम, चुकलं," मी म्हणाले. "खराब बाजू डावी आहे."

"चुकलं नाही," त्या म्हणाल्या. "डावीकडचा कोपरा उचलायची ताकद या इंजेक्शनमध्ये नाही. हे स्नायू सैल करतं. म्हणून ते चांगल्या बाजूला द्यायचं. उजवी बाजू थोडी ढिली पडली की ती डावीच्या बरोबरीला येते. मग हसणं सारखं दिसतं."

"म्हणजे आजारी बाजू बरी होत नाही?"

"नाही. चांगली बाजू कमी होते. तीन-चार महिने असर राहतो. तेवढे दिवस स्ट्रॉनं प्यायला किंवा शिट्टी मारायला थोडं जड जाईल. पुष्कळ जणींना त्यानं बरं वाटतं, आरशासमोर त्या पहिल्यांदा आनंदानं उभ्या राहतात. पण तुम्हाला हवं असेल तरच करायचं. घाई नाही."

त्या बाईंना मी दोष देणार नाही. त्यांनी मला जे सरळ सांगितलं ते आमच्या घरच्या कोणी सांगितलं नव्हतं, कारण कोणाला ठाऊकच नव्हतं. मी पोळ्यानंतरची तारीख घेतली आणि गालावरचे ठिपके रुमालानं पुसले.

परत येताना सौंसरला उसाच्या रसासाठी थांबलो. मी स्ट्रॉ बाजूला ठेवला आणि ग्लास तोंडाला लावला.

"ऐकलं ना तुम्ही?" मी हर्षलला विचारलं. "चांगली बाजू मारायची. काहून? तिनं काय बिघडवलं कोणाचं?"

"मारायची कुठं, तीन महिने झोपवायची," तो म्हणाला. "साक्षगंध होऊन जाईन, लग्नाचे फोटो होऊन जातीन. मंग हसत राह्य ना जिंदगीभर तुले जसं हसायचं तसं."

"तुम्हाला माझं हसणं आवडलं होतं ना?"

"आवडते. आताही आवडते."

"मग सांगा ना मामाजींना."

हर्षलनं ग्लासातला बर्फ हलवला. "बाबाले कोन सांगन, तृप्ती? त्यायच्यासमोर आमच्या घरात भांडं वाजत नाही."

मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. वाईट माणूस असता तर तिथंच अंगठी काढून रसाच्या ग्लासात टाकली असती. पण हा माणूस वाईट नव्हता, नुसता भित्रा होता, आणि भित्र्या माणसाच्या प्रेमात पडलं की राग कोणावर काढायचा तेच कळत नाही. घरापर्यंत आम्ही गाणी लावली नाहीत.

घरी आरशासमोर बसले. उजव्या गालावर बोट दाबून धरलं आणि हसले. खरंच, दोन्ही बाजू सारख्या झाल्या. डावीकडे कोणी नव्हतं आणि आता उजवीकडेही कोणी नव्हतं. बोट सोडलं तर तो कोपरा टुणकन वर आला. मला त्याचं इतकं कौतुक वाटलं की मी त्या गालाला चक्क थोपटलं.

"करून घे बाई," आई मागून म्हणाली. "तीन महिने तर हायेत."

"आई, तुझा एक पाय अधू असता, तर चालणं सारखं दिसावं म्हणून दुसरा बांधून ठेवला असता का?"

"तुह्यं आपलं काहीतरीच!" ती म्हणाली आणि आत निघून गेली.

बाबा, म्हणजे गुणवंता, दारात सुपारी कातरत होते. ते नेहमी कमी बोलतात. "तोंड तुह्यं हाय, पोरी," एवढंच म्हणाले. "पन जे बोलायचं ते त्यायच्या तोंडावर बोल. फोनवर नको."

पोळा आला. आमच्याकडे लहान पोरांचा तान्हा पोळा गोटमारीच्या दुसऱ्या दिवशी ठेवतात, कारण गोटमारीच्या दिवशी अर्धं मोहगाव पांढुर्ण्याला पळालेलं असतं. पोरं लाकडाचे बैल सजवून शाळेच्या मैदानात तोरणाखाली उभी राहतात, आणि मग झडत्या होतात. झडती म्हणजे दोन-चार ओळींचं यमक, ठणठणीत आवाजात ओरडून म्हणायचं. कोणाला चिमटा काढायचा, कोणाची फिरकी घ्यायची आणि शेवटी महादेवाला हाक मारायची, की जमलेल्या सगळ्यांनी साथ द्यायची. त्यात दोन नियम पक्के आहेत. झडतीचा राग धरायचा नाही. आणि साथ मिळाली नाही तर झडती पडली, म्हणणाऱ्यानं खाली मान घालून तोरणाखालून निघून जायचं.

लहानपणी माझ्या झडत्या मोहगावात गाजलेल्या होत्या. पण पोरी मोठ्या झाल्या की झडत्या म्हणत नाहीत. ते काम पुरुषांचं. तोंड वाकडं झाल्यावर तर मला कोणी म्हण म्हणालंही नाही. आता मी फक्त पोरांना शिकवायची आणि कडेला उभी राहायची.

त्या वर्षी बक्षिसं वाटायला नवे सोयरे म्हणून भगवंतरावांना बोलावलं होतं. सोबत हर्षल आणि छायाबाई. भगवंतराव आदल्या दिवसाच्या गोटमारीच्या तोऱ्यातच होते. आता ते दगड फेकत नाहीत, काठावर उभं राहून पोरांना जोर देतात, त्यामुळे घसा बसलेला. पोरांच्या झडत्या झाल्या, टिफिनचे डबे वाटून झाले, आणि गावकरी म्हणाले, पाव्हण्यांनी एक झडती म्हणावी. त्यांनी टोपी सरळ केली, तुटकी भुवई पुढं केली आणि हात वर केला.

"जाम नदीचा गोटा आला, कपाळावर बसला,
भगवंता मांगं सरला नाही, पुढं जाऊन हसला,
एक नमन गौरा पार्वती, हर बोला!"

"हर हर महादेव!" सगळं मैदान गरजलं. लोकांनी टाळ्या पिटल्या. एका म्हाताऱ्यानं पुढं होऊन त्यांच्या कपाळाला गुलाल लावला, बरोबर त्या व्रणावर.

मी ते पाहिलं आणि माझ्या डोक्यात सणक गेली. चार दिवसांनी माझ्या चांगल्या गालात सुई जाणार होती. आणि हा माणूस, ज्याचं अर्धं तोंड दगडानं फोडलं, तो गुलाल लावून घेत होता! त्यांनी तर दगड मागून घेतला होता, पोहत जाऊन. मी तर नुसती झोपेतून उठले होते.

पाय आपोआप तोरणाखाली गेले. बाईमाणूस तिथं बघून गलका थांबला. आईचा हात तोंडावर गेलेला मला दिसला. बाबा दिसले, ते जागेवरून हलले नाहीत. मी भगवंतरावांकडे सरळ बघितलं आणि हात वर केला.

"सासऱ्याचं कपाळ फुटलं, त्याची झाली शान,
सुनेचं तोंड वाकडं झालं, तिचा गेला मान,
गोट्याले हारफुलं, अन् वाऱ्याले सुई,
असा न्याय पिकवत नाही मोहगावची भुई!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला!"

कोणी बोललं नाही.

साथ द्यायची म्हणजे पाव्हण्याच्या तोंडावर द्यायची, होणाऱ्या व्याह्याच्या. सगळे एकमेकांकडे बघत होते. पोरंसुद्धा बैलांच्या दोऱ्या धरून गप्प. भगवंतरावांच्या कपाळावरचा गुलाल घामानं खाली उतरत होता. माझा हात अजून वर होता. मी मनाशी ठरवलं, पडली तर पडली, पण मान खाली घालणार नाही. झडतीचा नियम मोडला तर मोडला.

तेवढ्यात मागून एक आवाज आला. फाटलेला, एकटा, आणि जरा उशिरा.

"हर हर महादेव!"

हर्षल होता. लाल झालेला, मुठी आवळलेल्या, बापाकडे न बघता माझ्याकडे बघत. ज्या माणसाच्या घरात भांडं वाजत नव्हतं, त्यानं भर मैदानात भांडं आपटलं होतं. त्याच्या मागोमाग माझी पहिलीची पोरं ओरडली, मग बाबा, मग छायाबाईंचा बारीक आवाज, मग सगळं मैदान. आणि मी हसले. डावी बाजू तिच्या जागी, उजवी कानापर्यंत, गर्दीसमोर, सासऱ्यासमोर, मोबाईल धरून उभ्या असलेल्या सगळ्यांसमोर.

भगवंतरावांना रागावता येत नव्हतं, नियम होता. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि जाऊन गाडीत बसले.

नागपूरला मी स्वतः फोन करून तारीख रद्द केली. हर्षलला सांगितलं, "माझं ठरलं. आता तुमच्याकडचं तुम्ही बघा." तो म्हणाला, बाबा बोलून नाही राहिले, जेवतात आणि दुकानात बसतात. आठवडा गेला. आई रोज विचारायची, फोन आला का. शाळेत मी पोरांना बाराखडी शिकवत होते आणि मोबाईल टेबलावर पालथा ठेवत होते. मला हर्षल हवा होता. खूप हवा होता. पण त्याच्यासाठी द्यायची किंमत माझ्या गालात होती, आणि ती मी देणार नव्हते.

मग एक दिवस भगवंतरावांचा बाबांना फोन आला. "पोरीले घेऊन या पांढुर्ण्याले. श्रीकांतच्या फ्लेक्सच्या दुकानात."

बाबा गाडी चालवताना दोनदा म्हणाले, "मोडते म्हनले तर मोडू दे. रडायचं नाही." त्यांचाच आवाज ओला होता.

दुकानात भगवंतराव कॉम्प्युटरसमोर स्टुलावर बसले होते. हर्षल मागं उभा. स्क्रीनवर आमच्या साक्षगंधाचा फ्लेक्स होता. खाली नातेवाइकांच्या ओळीत भगवंतराव, तुटकी भुवई पुढं. वर हर्षल. आणि त्याच्या शेजारी मी. तान्ह्या पोळ्याचा फोटो, कोणीतरी मोबाईलनं काढलेला. हात वर, केस उडालेले, आणि तोंड पार उजव्या कानाला टेकलेलं.

"काका, फोटो चांगला आहे," श्रीकांत म्हणाला. त्याला काही ठाऊक नव्हतं. "बस तोंड थोडं वाकडं आलं. एका मिनिटात सरळ करून देतो."

मी काही बोलणार, तेवढ्यात भगवंतरावांनी हात वर केला.

"कर," ते म्हणाले. "पन पयले माह्यी भुवई जोड. मंग नाक सरळ कर. हा डोळा पुरा उघड. माह्यं सारं झालं, की मंग सूनबाईच्या तोंडाले हात लाव."

श्रीकांत हसला. "काका, मग तुम्हाला ओळखणार कोण?"

"मंग तिले तरी कोन वळखन?" भगवंतराव म्हणाले, आणि पहिल्यांदा माझ्याकडे वळले. अर्धा मिटलेला डोळा, कललेलं नाक, आणि ओठांवर काहीतरी, जे हसू होतं की नाही हे त्या चेहऱ्यावरून सांगणं अवघड होतं. "झडतीचा राग धरत नाही आमी, पोरी. पन जवाब द्याले टाइम लागला."

श्रीकांतनं माऊसवरचा हात उचलला.

"श्रीकांतदादा," मी म्हणाले, "साइज वाढवा. रेल्वे फाटकावरून दिसला पाहिजे."